मूर्तीमागची खिडकी

डिसेंबरातली थंडी यंदा निलंग्यावर जरा जास्तच बसली होती. आठ वाजून गेले तरी बसस्टँडसमोरचं धुकं उठायचं नाव घेत नव्हतं. उदगीरची एसटी दिवे लावूनच आत शिरली, आणि तिच्यातून उतरलेली माणसं आधी कानाचं मफलर घट्ट करून मगच चहाच्या गाड्याकडं वळली. धम्मानंद सुरवसेनं दुकानाचं शटर वर ढकललं. टेबलावरची काच कोरड्या फडक्यानं पुसली, कपाटातून ट्रेसिंग पेपरची गुंडाळी काढली आणि दारातल्या खुर्चीवर, ऊन येईल तिथं, उभी करून ठेवली. धुक्याच्या दिवसांत ट्रेसिंग पेपर ओल धरतो, फुगतो, आणि त्याच्यावर मारलेली रेघ दुपारपर्यंत केसभर सरकते. सगळा तालुका कॉम्प्युटरवर नकाशे काढायला लागला तरी हा गडी अजून हातानंच काढत होता. चोपन्न वर्षांचा झाला होता. आता नवीन काय शिकायचं, असं तो म्हणायचा. खरं तर शिकला असता. पण गिऱ्हाईक त्याच्याकडं नवीन काही मागायलाच येत नव्हतं.

पाटीवर लिहिलेलं होतं: 'घर, दुकान, गोठा, विहार यांचे नकाशे मिळतील.' घर, दुकान, गोठा कोणीही काढतं. त्याच्याकडं माणसं यायची ती विहारासाठी. निलंगा, शिरूर अनंतपाळ, देगलूरकडची चार गावं, वर पार कंधारपर्यंत, एकेचाळीस विहारं त्यानं काढली होती. नकाशावर शिक्का लातूरच्या एका इंजिनिअरचा, संगमरवराच्या पाटीवर नाव त्या इंजिनिअरचं, खाली दानशूरांची, कमिटीची. धम्मानंदचं नाव कुठंच नाही. पण लोकांच्या तोंडी त्याचंच. "विहारवाले साहेब" म्हटलं की बसस्टँडवरचा हमालसुद्धा दुकान दाखवायचा.

एकेचाळीस म्हटलं तरी नकाशा एकच. तीच पायऱ्यांची चढण, तोच घुमट, दोन्ही बाजूंना तेच चार-चार खांब, आणि मूर्तीच्या बरोब्बर मागं, डोक्याच्या उंचीला, तीन फुटांची गोल खिडकी. लोक यायचे, चहा प्यायचे आणि म्हणायचे, "साहेब, चिंचखेडसारखं. सेम टू सेम."

आणि त्या खिडकीपाशी आलं की धम्मानंदची पेन्सिल दरवेळी थोडी थांबायची. कारण ती खिडकी म्हणजे त्याची चूक होती. हे जगात एकट्या त्यालाच ठाऊक होतं.

त्याचा बा, निवृत्ती, दगडफोड्या. येरंडगावच्या खाणीवर उभा जन्म गेला. पोरानं दगड फोडू नये, दगड कुठं बसवायचा ते सांगावं, एवढीच त्याची इच्छा. म्हणून धम्मानंद लातूरला आयटीआयला गेला, ड्राफ्ट्समन झाला, आणि कोर्स संपवून घरी बसला तोच त्र्याण्णवचा भूकंप झाला. किल्लारीकडं गावंच्या गावं झोपेत आडवी झाली. पुनर्वसनाच्या वस्त्या आखायला टेप धरणारी माणसं पाहिजे होती; धम्मानंदनं दोन वर्षं टेप धरला. ओळीनं घरं, सगळी सारखी. म्हातारी माणसं चुकून दुसऱ्याच्याच घरात शिरायची आणि आपली चूल शोधत बसायची. एका आजीनं आपलं घर सापडावं म्हणून दारात फुटका रांजण पालथा घालून ठेवला होता. आठ दिवसांनी पाहावं तर त्या ओळीत प्रत्येक दारात एक-एक रांजण पालथा! धम्मानंद तेव्हा पोट धरून हसला होता. आपल्या नशिबात काय वाढून ठेवलंय ते त्याला तेव्हा कुठं कळणार.

शहाण्णव साली चिंचखेडच्या लोकांनी त्याला विहार काढायला सांगितलं. पंचवीस वर्षांचं वय. पंधरा दिवस तो त्या जागेवर सकाळ-संध्याकाळ जाऊन बसला. जागा रस्त्याच्या पश्चिमेला होती. म्हणजे दार पूर्वेला, रस्त्याकडं. आत समोरच्या भिंतीशी मूर्ती. आणि दारावर उंच एक गोल खिडकी. सकाळचा सूर्य उगवला की ऊन त्या खिडकीतून आत येणार आणि सरळ बुद्धाच्या चेहऱ्यावर पडणार. बाकी सगळी खोली सावलीत, चेहरा तेवढा उजळलेला. त्या खिडकीसाठी त्यानं कागदावर सूर्याची तिरपी रेघ ओढून ओढून जागा ठरवली होती.

नकाशा तयार झाला आणि गावानं जागा बदलली. भावकीचा काहीतरी वाद. नवी जागा रस्त्याच्या दुसऱ्या अंगाला, पूर्वेला. सभापतींच्या हातून दोन दिवसांवर भूमिपूजन ठेवलेलं. धम्मानंदनं घाईघाईत नकाशा फिरवला: दार आता पश्चिमेला, पायऱ्या पश्चिमेला, मूर्ती उलटी फिरून पूर्वेच्या भिंतीशी. सगळं बदललं, खिडकी तेवढी जिथल्या तिथं राहिली. सूर्याची खिडकी पूर्वेलाच पाहिजे, सूर्य थोडाच गावच्या भांडणात जागा बदलतो, असं काहीतरी त्या जागरणात त्याच्या डोक्यात बसलेलं. पूर्वेची भिंत आता मूर्तीच्या पाठीमागं आली, हे त्याच्या ध्यानातच आलं नाही.

ते ध्यानात आलं बुद्ध पौर्णिमेला, उद्घाटनाच्या सकाळी. पांढऱ्या कपड्यातली पाच-सहाशे माणसं. दार उघडलं, ऊन वर आलं, आणि मूर्तीच्या मागून उजेडाचा असा झोत फुटला की पुढं बसलेल्यांनी डोळ्यांवर हात धरले. मूर्ती काळी ठिक्कर. नाक नाही, डोळे नाहीत, चेहरा नाही. नुसता आकार, आणि डोक्याभोवती धगधगीत गोल. आता मार खायचा, असं म्हणून धम्मानंद भिंतीला टेकला.

तर पुढच्या रांगेतली एक म्हातारी हुंदका देऊन म्हणाली, "तेज बघा माय, तेज!"

साधू, साधू, साधू. सगळं विहार दणाणलं. धम्मानंदच्या खांद्यावर पांढरी शाल पडली. माईकवर कोणीतरी सांगितलं की ह्या पोरानं सूर्यालासुद्धा कामाला लावलं. त्याच वेळी बोलायला पाहिजे होतं. दोन शब्दांचं काम होतं. पण खाली बा बसला होता, फुटलेल्या नखांच्या हातांनी टाळ्या वाजवत. धम्मानंदनं शाल सावरली आणि गप बसला.

मग गप बसण्याची वर्गणी त्यानं पुढं आणखी चाळीस वेळा भरली. ज्या गावात विहाराचं दार पश्चिमेला, तिथं निदान सूर्य तरी यायचा. बाकी गावांत तेही नाही. कंधारकडं एका विहाराची खिडकी उत्तरेला गेली. तिथं ऊन कुठलं? तर त्यांनी खिडकीत हॅलोजन बसवला. दुसऱ्या एका गावानं रंग बदलणारी दिव्याची चकरी लावली, लग्नातली. धम्मानंदनं दोनदा खिडकी वगळून नकाशा दिला. लोक परत घेऊन आले. "साहेब, कामाच्या घाईत खिडकी राहिली का वं?"

हे असंच चालायचं होतं. पण यंदा दिवाळीनंतर दोन गोष्टी झाल्या. येरंडगावचं, त्याच्या स्वतःच्या गावचं, पत्र्याचं विहार पाडून नवीन बांधायचं ठरलं. आणि त्याच्या मायच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं.

चांगुणाबाई ऐंशीच्या पुढच्या. बा गेला तरी गाव सोडायला तयार नव्हत्या. दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढले, आणि नव्या डोळ्यांनी पहिलं काय बघायचं तर लेकानं बांधलेलं विहार. धम्मानंदनं मोटारसायकलवर बसवून त्यांना चिंचखेडला नेलं. त्या आत जाऊन बसल्या, पाच मिनिटांत पदरानं डोळे टिपत बाहेर आल्या. त्याला वाटलं, भरून आलं असेल.

"काय झालं, माय?"

"डोळ्याला पाणी सुटलंय रे. लई झोंबतंय." मग चप्पल शोधता शोधता म्हणाल्या, "बुद्ध कामून दिसंना रे धम्या? नुसता उजेडच उजेड. आधी वाटायचं, माझ्याच डोळ्यावर पडदा हाय म्हून दिसत न्हाई. आता पडदा काढला, तरी न्हाईच."

मोटारसायकलला किक मारताना धम्मानंदला पहिल्यांदा वाटलं, की हिनं एकदा तो चेहरा बघायला पाहिजे. ऊन पडलेला चेहरा. दुसरं काही नको, एवढं एकच.

आणि येरंडगावची जागा रस्त्याच्या पश्चिमेला होती! दार पूर्वेला येणार होतं. तीस वर्षांपूर्वीचा तो पहिला नकाशा, खिडकी दारावर असलेला, ह्या जागेला जसाच्या तसा बसत होता. त्यानं कपाटाच्या तळातून तो पिवळा पडलेला कागद काढला, महिनाभर बसून नव्यानं उतरवला. मूर्तीमागं साधी, भरीव भिंत. त्याची बायको ज्योत्स्ना जेवणाचा डबा घेऊन आली की म्हणायची, "तरण्या पोरागत काय लागलाव हो ह्येच्या मागं?" तो नुसता हसायचा.

रविवारी वंदना झाल्यावर पत्र्याच्या विहारात बैठक बसली. गावची पन्नास-साठ माणसं. बायका एका अंगाला, पुढं चांगुणाबाई भिंतीला टेकून. कमिटीचा अध्यक्ष आनंदराज, धम्मानंदचा चुलत भाऊ, एसटीतून कंडक्टर म्हणून रिटायर झालेला. बोलताना अजून त्याचा हात काखेतली बॅग चाचपायचा. त्यानं नकाशा उलगडून चार कोपऱ्यांवर चार पेले ठेवले आणि बराच वेळ बघितला.

"धम्मा, खिडकी वाट चुकली का रं?"

"न्हाई, दादा. दारावर घेतलीय. सकाळचं ऊन मूर्तीच्या तोंडावर पडंल."

"आन् मागं?"

"मागं भिंत."

बैठकीत कुजबुज झाली. बायकांतून एकीनं विचारलं, "म्हंजी तेज न्हाई?"

"माझ्या लेकीच्या गावात तेज हाय," दुसरी म्हणाली. "धाकट्या जावंच्या माहेरात हाय. आन् ज्या गावच्या लेकरानं ते काढलं, त्या गावात भिंत? लेकी माहेराला आल्या की हसतील की आपल्याला."

"दिव्याखाली अंधार म्हंतात ते ह्येच."

"आवं, तालुक्याला तूप वाढलं आन् घरच्याला ताक," मागून एक जण म्हणाला, आणि लोक हसले.

"तसं न्हाई, काका. उलट हेच खरं..."

"थांब रं." आनंदराजनं हात वर केला. "इथं मागची भिंत पश्चिमेला येती, एवढं मला बी कळतंय. सकाळी सूर्य न्हाई यायचा मागून. न्हाई आला तर न्हाई. सांजच्या वंदनेला मावळतीचं ऊन यील, सकाळी फोकस लावू. दोन्ही टायमाला तेज! तुझं काय अडलं?"

धम्मानंदनं मायकडं पाहिलं. त्या नकाशाकडं बघत नव्हत्या; त्याच्याकडं बघत होत्या. आता नाही तर कधीच नाही, असं त्याला वाटलं. तो उठून उभा राहिला.

"ऐका. ती खिडकी माझी चूक हाय. चिंचखेडला जागा बदलली, मी घाईत नकाशा फिरवला, खिडकी फिरवायची राहिली. ते तेज-बिज काय न्हाई. चूक झाली, मी बोललो न्हाई, आन् तीच चूक सगळ्या गावांनी बांधली. मूर्तीचं तोंड दिसावं म्हून केलेली खिडकी, तिच्यानं तोंडच दिसंना झालं. आपल्या गावात तरी ती नको."

मागचे काका जोरात हसले.

"बघा, किती साधा माणूस! एवढं केलं तरी म्हंतो, माझी चूक."

"शिकलेल्या माणसाची रीतच हाय ती. फळ आलेलं झाड वाकतंच."

"काका, वाकून न्हाई सांगत. खरं सांगायलोय!"

आता हसू थांबलं. बायकांतली एक म्हातारी, धोंडूबाई, जमिनीवर हात टेकून उठली. ती म्हणाली, "माझा तरणा पोरगा गेला तव्हा मी चिंचखेडला जाऊन बसले हुते. धा दिस. त्या उजेडाकडं बघत. तिथं मला जगावं वाटलं. आन् तू म्हंतूस चूक? मी काय चुकीपुढं बसले हुते व्हय रं?"

तिला खोटी ठरवल्याशिवाय धम्मानंद खरा ठरत नव्हता.

आनंदराजनं त्याचा दंड धरून त्याला खाली बसवलं आणि कानाशी तोंड नेलं. "हे बोललास ते इथंच गाड. येड लागलंय का तुला? एकेचाळीस गावं हायती. लोकांनी पोटाला चिमटा घिऊन बांधलीत. उद्या पेपरात आलं, इहारवाल्यानं चुकीची इहारं बांधली, तर? तुझं जाऊ दे, त्या गावांनी तोंड कुठं दावायचं? वरच्या आळीतले काय म्हंतील, ठावं हाय ना? पिढ्यान् पिढ्या आपल्याला चुकीचंच म्हंत आलेत ते."

मग तो मोठ्यानं म्हणाला, "काकूला इचारू. धम्माची माय हाय, गावातली वडील बाई हाय. काकू, तुमी म्हनाल ते. खिडकी मागं का म्होरं?"

साठ जणांच्या नजरा चांगुणाबाईंवर गेल्या. जगात दुसरी एकच व्यक्ती होती जिला त्या खिडकीमुळं काय दिसत नाही ते कळलं होतं, आणि आता तिलाच विचारलं होतं. तिनं नुसतं 'म्होरं' म्हणायचं होतं.

चांगुणाबाईंनी लेकाकडं पाहिलं. कानशिलं लाल, कपाळावर घाम. भर बैठकीत हसं झालेलं लेकरू. मग धोंडूबाईकडं पाहिलं. ती अजून उभीच होती. चांगुणाबाईंनी पदर डोक्यावर ओढला.

"मागंच राहू द्या," त्या म्हणाल्या. "धम्याला काय कळतंय. काम करून करून त्येचं डोस्कं शिणलंय. त्यानं काय चूक-बिक केली न्हाई. बस गं धोंडू, बस खाली."

टाळ्या पडल्या. कोणीतरी चहा सांगितला. नकाशावरचे पेले उचलले तसा कागद आपोआप गुंडाळला गेला.

बैठक उठल्यावर धम्मानंद मायला घरी सोडायला गेला. उंबऱ्याशी त्यांनीच विचारलं.

"राग आला?"

"तू खरं बोलली असतीस तर झालं असतं, माय. तुझ्यासाठी चाललं हुतं सगळं."

"ठावं हाय मला. पर तुला साठ मान्सात खोटं पाडून मला काय बघायचं हाय? तुझ्या बानं त्या दिशी चिंचखेडला हात दुखंस्तवर टाळ्या वाजविल्या हुत्या." त्या ओट्यावर टेकल्या. "आन् मी डोळं मिटून बसंन की. वंदनेला डोळं मिटूनच बसायचं आस्तंय."

सोमवारी सकाळी धुकं तसंच होतं. त्यानं काच पुसली, कागद पसरला आणि चिंचखेडचा नकाशा येरंडगावच्या मापाला उतरवायला घेतला. खांब झाले, पायऱ्या झाल्या. मागच्या भिंतीपाशी आल्यावर त्यानं पेन्सिल ठेवून मल्लिनाथ मिस्त्रीला फोन लावला. अर्ध्याहून जास्त विहारं ह्याच मल्लिनाथनं बांधली होती. येरंडगावचंही त्यालाच दिलं होतं.

"मल्लिनाथ, ती मागची खिडकी फूटभर वर घेता येती का?"

"आन् डोस्कं अंधारात ठिवायचं? लोकं जोड्यानं मारतील मला, साहेब." पलीकडून थापीचा आवाज येत होता. "तुमी खामखा नका गुंतू त्येच्यात. नकाशाची बी घाई न्हाई, पंचायतीत दावण्यापुरता काढा. मला पाठ हाय सगळं."

"नकाशा बघणार न्हाईस तू?"

"कव्हा बघितला व्हता, साहेब? चिंचखेडनंतर कागद उघडलाच न्हाई मी. तुमी नसलात तरी पुढची पन्नास इहारं करीन. आजिबात फिकीर करू नका."

तो चांगल्या मनानं बोलत होता. धम्मानंदनं "बरं" म्हणून फोन ठेवला. दोन वेळा त्यानं नकाशातून खिडकी काढली होती तेव्हा लोक परत आले होते. कदाचित ते आले नसते तरी चाललं असतं. मल्लिनाथनं कागद न बघताच भिंतीत भोक ठेवलं असतं. त्यानं कंपासचं टोक भिंतीच्या मधोमध टेकवलं आणि गोल फिरवला. खुणेसाठी कुठं बघावं लागलं नाही.

मोबाईल वाजला. ज्योत्स्ना होती. "अहो, नळ आलाय! नवव्या दिवशी आलाय आन् पाइप मोटरीपाशी फुटलाय, सगळं पाणी गल्लीत चाललंय. या लवकर, शेजारची रुद्राणी वहिनी तिच्या घागरी लावून मोकळी झाली."

"आलो. तवर मोटर बंद कर."

त्यानं शटर अर्ध्यावर ओढलं, पंक्चरवाल्याकडून जुन्या ट्यूबची एक पट्टी कापून घेतली आणि गल्लीनं झपाझप घरी गेला. मोटरीपाशी उकिडवा बसून फाटलेल्या पाइपाला ट्यूबची पट्टी गुंडाळू लागला. एक वेढा, दुसरा, तिसरा, दातानं ओढून गाठ. "लाव आता," तो म्हणाला. मोटर घुरघुरली. गाठीखालून थोडं पाणी झिरपलं. तिथं त्यानं अंगठा दाबून धरला आणि टाकी भरेपर्यंत तसाच बसून राहिला.